अनुराधपूर (श्रीलंका): आधी तलाव बघा, मग स्तूप

पाणवाटा
नमस्कार मंडळी,
श्रीलंकेवर इथे बरेच धागे आहेत पण बहुतेक कँडी, नुवारा एलिया, समुद्रकिनारे आणि सिगिरियावर. अनुराधपूर येतं ते "वेळ उरला तर" या सदरात, आणि टूरवालेसुद्धा सिगिरियाहून सकाळी नेतात, बोधिवृक्ष आणि दोन स्तूप दाखवतात आणि जेवायला परत आणतात. मला हे मनापासून खटकतं म्हणून हा धागा काढतेय.

इसवीसनपूर्व चौथ्या शतकापासून ते १०१७ साली चोळांनी राज्य घेईपर्यंत, मधले काही खंड सोडले तर, सिंहली राजांची राजधानी इथेच होती. अशोकाचा मुलगा महिंद आला तो इथे, मुलगी संघमित्ता बोधिवृक्षाची फांदी घेऊन आली ती इथे. अवशेष जवळजवळ चाळीस चौरस किलोमीटरवर पसरलेत. हे अर्ध्या दिवसात कसं बघणार?

माझं एकच सांगणं आहे. पोचल्या पोचल्या स्तूपाकडे धावू नका, संध्याकाळी तिस्स वेवच्या बांधावर जा (वेव म्हणजे तलाव). बांधावरून एका बाजूला लांबच लांब पाणी आणि दुसऱ्या बाजूला झाडांच्या वर आलेले स्तूपांचे घुमट दिसतात, रुवनवेली पांढराशुभ्र, जेतवन विटांचा तपकिरी. आणि मग कळतं की हे शहर उभं कशावर होतं. हा श्रीलंकेचा कोरडा पट्टा, मुख्य पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी, बाकीचे महिने कोरडेच. अशा ठिकाणी हजारो भिक्षू राहायचे जे स्वतः शेती करत नाहीत, त्यांना रोज भात लागणार, शिवाय राजवाडा, सैन्य, विटा पाडणारे आणि वाहणारे कामगार. पाणी साठवल्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं. परंपरेप्रमाणे अभय वेव हा पांडुकाभय राजाचा, म्हणजे बौद्ध धम्म येण्याच्याही आधीचा, तिस्स वेव देवानंपिय तिस्स राजाचा, ज्याच्या काळात महिंद आला. मोठे स्तूप सगळे त्यानंतरचे.

बांधाच्या खालीच रणमसु उयन आहे, राजाची बाग. तलावाचं पाणी तिथल्या दगडी हौदांत आणलेलं, मोठमोठ्या खडकांच्या मधून. तिथून इसुरुमुनिय या खडकातल्या विहाराला चालत जाता येतं, पाण्यात खेळणारे हत्ती खडकावर कोरलेत ते बघाच, दगडाच्या पायथ्याशी खरंच पाणी आहे त्यामुळे हत्ती आत्ता पाण्यात उतरतायत असं वाटतं. एवढं पहिल्या संध्याकाळी. स्तूप दुसऱ्या दिवशी पहाटे.

प्रश्न विचारा, मला माहिती आहे तेवढं सांगते. कोणी जाऊन आलं असेल तर भर घाला.

कोकणचा_वारा
मस्त विषय ताई. आम्ही डिसेंबरात जायचं म्हणतोय, आईवडील सत्तरीच्या पुढचे आणि मुलगी नऊ वर्षांची. दोन रात्री काढू शकतो. उन्हाचं आणि चालण्याचं कसं? आणि कोलंबोहून गाडीच करावी लागते का?

पाणवाटा
@कोकणचा_वारा, कोलंबो फोर्ट स्टेशनवरून जाफन्याकडे जाणाऱ्या गाड्या अनुराधपूरला थांबतात, चार-पाच तास धरा, भातशेतीतून जाते गाडी, मुलीला आवडेल. विमानतळावरून थेट जायचं असेल तर कोलंबोत शिरायचं कारणच नाही, टॅक्सीने परस्पर वर निघा. गावात टुकटुक दिवसभरासाठी ठरवा, आईवडील असताना सायकल नको.

डिसेंबरात पाऊस असू शकतो पण तलाव भरलेले असतात, मला तो सौदा मान्य आहे. ऊन मात्र कधीही लागतं. सगळ्या पूजेच्या जागी चप्पल आणि टोपी दोन्ही काढावी लागते, आणि स्तूपाभोवतीची फरसबंदी दुपारी इतकी तापते की पाय टेकवत नाही. जाड मोजे न्या, मोज्यांवर चाललेलं चालतं. पांढरे किंवा फिके कपडे, खांदे आणि गुडघे झाकलेले. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, तिथे लोकांना ते खरोखर लागतं, मुलीला आधीच सांगून ठेवा. पासपोर्ट बरोबर ठेवा, आम्हाला सार्क देशाचे म्हणून तिकीट कमी दरात मिळालं होतं.

पाटबंधारे_निवृत्त
धागा वाचून फार आनंद झाला. माझी उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली आणि अनुराधपूरला मी गेलो तो मुळात तलावांसाठीच, त्यामुळे लेखिकेचं म्हणणं शंभर टक्के पटतं. थोडं तांत्रिक लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

मातीचं धरण बांधणं अवघड नाही, त्यातून पाणी हवं तेवढंच आणि धरण न फोडता बाहेर काढणं अवघड. खोल पाण्याचा दाब मोरीतून जोरात बाहेर येतो आणि बांध आतून कुरतडतो. लंकेतल्या लोकांनी यावर जो उपाय काढला त्याला ते बिसोकोटुव म्हणतात. बांधाच्या पाण्याकडच्या उतारात दगडविटांची चौकोनी विहीर, पाणी आधी त्या विहिरीत येणार, तिथे त्याचा जोर मोडणार, तिथेच दारं वरखाली करून किती सोडायचं ते ठरणार, आणि मग बांधाखालच्या मोरीतून शांतपणे शेताकडे. एकोणिसाव्या शतकात हेन्री पार्कर नावाच्या ब्रिटिश पाटबंधारे इंजिनिअरने या विहिरी तपासल्या आणि आजच्या व्हॉल्व्ह टॉवरचं काम या दोन हजार वर्षांपूर्वी करत होत्या असं नोंदवलं.

दुसरं म्हणजे योद एल, म्हणजेच जय गंगा कालवा. पाचव्या शतकात धातुसेन राजाने कला वेव हा प्रचंड तलाव बांधला आणि तिथून अनुराधपूरच्या तिस्स वेवपर्यंत सुमारे ८७ किलोमीटरचा कालवा आणला. सुरुवातीच्या पट्ट्यात उतार किलोमीटरला जेमतेम १० सेंटीमीटर. लेव्हल मशीन घेऊन हा उतार राखताना आमच्या पोरांची दमछाक व्हायची हो. शिवाय कालव्याला बांध एकाच बाजूला, चढाच्या बाजूला पाणी मोकळं पसरू दिलंय, त्यामुळे वरून येणारं पावसाचं पाणी वाटेत जमा होतं आणि गाळही मागे राहतो.

सिगिरियाला जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिगिरिया बांधणारा कश्यप हा याच धातुसेनाचा मुलगा, बापाला कैद करून गादीवर बसला. खजिना कुठे आहे म्हणून विचारल्यावर धातुसेनाने कला वेववर नेण्याची विनंती केली, पाण्यात उतरून आंघोळ केली आणि म्हणाला, हाच माझा सगळा खजिना. मग त्याला भिंतीत चिणून मारलं. इतिवृत्तातली कथा आहे पण मी बांधावर उभा राहून ती आठवली तेव्हा घशात आवंढा आला. सिगिरियाला गर्दी, आणि या तलावावर कोणी फिरकत नाही.

वर्धेकाठी
काका जबरदस्त! आमच्या भंडारा-गोंदियाकडे कोहळी लोकांनी बांधलेले मालगुजारी तलाव आहेत न, एकाचं पाणी सांडलं की खालच्यात, तसंच तिथं गावोगावी छोट्या तलावांची साखळी दिसते. मी पाहूनच म्हटलं हे तर घरचंच आहे.

मी सांगतो ते वेगळं. दीक्षाभूमीला स्तूपाच्या बाजूला जो बोधिवृक्ष आहे त्याची रोपं अनुराधपूरच्या श्री महाबोधीची, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणलेली. लहानपणापासून दर दसऱ्याला आजीचं बोट धरून त्या झाडाखाली बसलेलो मी. बाबासाहेब १९५० मध्ये श्रीलंकेला गेले होते, कँडीला जागतिक बौद्ध परिषद होती तेव्हा, हे घरात ऐकलेलं. त्यामुळं अनुराधपूर माझ्यासाठी टुरिस्ट स्पॉट नव्हताच कधी. तिथल्या झाडासमोर पोचलो आणि मला वंदना म्हणता येईना, आवाजच फुटेना. बाजूला एक सिंहली आजी बसल्या होत्या पांढऱ्या साडीत, त्यांनी म्हणायला सुरुवात केली, बुद्धं सरणं गच्छामि, मग मी त्यांच्या मागून म्हटलं. उच्चार थोडे वेगळे, शब्द तेच. भाषा एकमेकांची एक अक्षर येत नव्हती पण पंचशील दोघांनी मिळून पूर्ण म्हटलं.

एक सूचना करतो. तिथं गेल्यावर समोर जी डेरेदार झाडं दिसतात ती बोधिवृक्षाची सोबतीण झाडं आहेत, मूळ झाड वरच्या चौथऱ्यावर, सोनेरी कठड्याच्या आत, सोनेरी टेकू दिलेल्या बारीक फांद्या. बरेच जण चुकीच्या झाडाचा फोटो घेऊन निघून जातात. माणसाने लावलेलं आणि लावल्याची नोंद असलेलं जगातलं सर्वात जुनं झाड आहे ते, इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकातलं. सारनाथला १९३१ मध्ये लावलं ते पण याच झाडाचं.

सोपारकर
वर्धेकाठी, वाचून अंगावर काटा आला. जय भीम.

आमच्या बाजूचा धागाही जोडतो. महावंसात, म्हणजे लंकेच्या पाली इतिवृत्तात, तिसऱ्या संगीतीनंतर (अशोकाच्या काळातली भिक्षूंची धर्मसभा) कुठे कुठे थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्षू पाठवले त्याची यादी आहे, त्यात महिंदाला लंकेला पाठवलं तसंच महाधम्मरक्खित थेरांना महारट्ठ देशात आणि योनक धम्मरक्खितांना अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत पाठवलं असं लिहिलंय. म्हणजे अनुराधपूरच्या भिक्षूंनी जो इतिहास लिहून ठेवला त्यात महाराष्ट्र आणि लंका एकाच यादीत. आणि त्याच ग्रंथात विजय नावाच्या राजपुत्राची जी कथा आहे त्यात तो लंकेला पोचण्याआधी सुप्पारकला, म्हणजे सोपाऱ्याला उतरतो. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकरला, अशोकाच्या आज्ञेचा तुकडाही इथेच सापडला. आम्ही शाळेतून तिथे खेळायला जायचो. रुवनवेलीसमोर उभं राहिल्यावर मला आमचा तो गवत उगवलेला ढिगारा आठवत होता आणि वाईट वाटत होतं की आपल्याकडे संध्याकाळी एक दिवाही लागत नाही.

चुना_वीट
सोपारकर, तुमची भावना समजते पण मी थोडी वेगळी बाजू मांडते. मी जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करते आणि मला अनुराधपुरात सर्वात जास्त भिडला तो जेतवन, रुवनवेली नाही. रुवनवेली एकोणिसाव्या शतकात झाडाझुडपांनी झाकलेली टेकडी होती, मग भिक्षूंनी आणि लोकांनी वर्गणी काढून ती पुन्हा उभी केली, प्लास्टर, पांढरा रंग, वर शिखर. आज जे दिसतं त्यातलं डोळ्याला दिसणारं जवळजवळ सगळं नवं आहे. थूपाराम हा स्तूप तर एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत घंटेच्या आकाराचा झाला, त्याआधी तो तसा नव्हता. देवानंपिय तिस्साचा पहिला स्तूप बघायला गेलेल्याला आपण १८६० च्या दशकातला आकार बघतोय हे कोणी सांगत नाही.

जेतवनला मात्र वीट दिसते. महासेन राजाने तिसऱ्या शतकात सुरू केलेला, मूळ उंची सुमारे १२२ मीटर, त्या काळी गिझाचे दोन पिरॅमिड सोडले तर जगात एवढं उंच काही नव्हतं. आज ७१ मीटरच्या आसपास. विटांचा अंदाज नऊ कोटींच्या वर जातो, आणि पाया थेट खडकापर्यंत नेलेला. मी जवळ जाऊन सांधे बघितले, विटांमधला मातीचा थर इतका पातळ आहे की भार एका विटेवरून दुसरीवर सरळ उतरतो. त्या बांधकामाचं शहाणपण तिथे हाताला लागतं. प्लास्टर केलं असतं तर हे कोणाला कळलं असतं?

वर्धेकाठी
चुना_वीट ताई, तुमचा अभ्यास मोठा आहे, पण एक विचारतो. स्तूप कोणासाठी बांधला? ज्यांनी बांधला त्यांनीच त्याला चुन्याने पांढरा केला होता, दरवर्षी फुलं वाहिली. तो पडला तर त्यांच्या पोराबाळांनी पुन्हा उभा केला. यात काय चुकलं? तिथं पहाटे बायका-माणसं निळी कमळं घेऊन येतात, लांबच लांब कापड धरून स्तूपाला गुंडाळतात, ढोल वाजतात. जेतवनला मी गेलो तेव्हा गाईड आणि कॅमेरे होते. मला दोन्ही पाहिजेत, पण पांढरा रंग दिला म्हणून तो खोटा असं कोणी म्हणू नये.

चुना_वीट
खोटा अजिबात म्हणत नाहीये भाऊ. पूजेत असलेली वास्तू दुरुस्त होत राहणारच, ती तिची पद्धतच आहे. माझं म्हणणं इतकंच की सगळेच स्तूप तसे झाले असते तर मूळ बांधणीचा पुरावा हरवला असता. एक तरी उघडा राहिला हे चांगलं झालं. आणि तुमचं कापडाचं वर्णन वाचून महावंसातलं आठवलं, दुटुगेमुनू राजा रुवनवेली पूर्ण व्हायच्या आधी मरणाला टेकला तेव्हा भाऊ सद्धातिस्साने बांबू आणि पांढऱ्या कापडाने वरचा भाग झाकून त्याला पूर्ण झालेला स्तूप दाखवला. म्हणजे तुमचं कापड माझ्या प्लास्टरपेक्षा जुनं.

मीनल_मेलबर्न
धागा पूर्ण वाचला, सुंदर. मला एक राहून राहून वाटतं ते लिहिते. इथे माझे शेजारी जाफन्याचे तमिळ आहेत, आणि ऑफिसमध्ये सिंहली मैत्रीण आहे. अनुराधपूर म्हटलं की दोघांचे चेहरे वेगवेगळे होतात. सिंहली राजा दुटुगेमुनूने तमिळ राजा एळाराला हरवलं ही गोष्ट गेल्या शंभर वर्षांत फार वाईट तऱ्हेने वापरली गेली. आणि १४ मे १९८५ ला याच गावात, बस स्टँडवर आणि बोधिवृक्षाच्या आवारात, एलटीटीईने १४६ माणसं मारली, त्यात यात्रेकरू होते, भिक्षू होते. आज जी तपासणी होते ती उगाच नाही. जाताना हे माहीत असावं असं मला वाटतं.

पाणवाटा
मीनल, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. मूळ ग्रंथ वाचला तर चित्र इतकं सोपं नाहीच. एळार चोळ देशातून आलेला, बौद्ध नसलेला राजा, पण महावंस त्याला न्यायी म्हणतो. न्याय मागायला वाजवायची त्याची घंटा, स्वतःच्या मुलाच्या रथाखाली वासरू मेलं म्हणून मुलाला दिलेली शिक्षा, सगळं आदराने सांगितलंय. आणि लढाईत त्याला मारल्यावर दुटुगेमुनूने त्याचे अंत्यसंस्कार मानाने केले, तिथे स्मारक बांधलं आणि त्या जागेवरून जाताना वाद्यं बंद ठेवायची असा नियम घातला. तिथल्या दक्षिण स्तूपाला लोक पिढ्यान्‌पिढ्या एळाराची समाधी म्हणत आले, पुढे पुरातत्त्वज्ञ परणवितान यांनी ती दुटुगेमुनूच्या दहनाची जागा आहे असं मांडलं. कोणाचीही असो, तिथे जा आणि थोडा वेळ थांबा. विजेत्याच्या इतिहासकाराने हरलेल्याचा इतका मान राखलाय हे शाळेत शिकवायला हवं, तिथेही आणि आपल्याकडेही.

सांखवाळकर
गोंयच्यान नमस्कार. महाविहाराबद्दल, म्हणजे इथल्या सगळ्यात जुन्या मोठ्या भिक्षू-मठाबद्दल, कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बोधिवृक्षाजवळ जे शेकडो दगडी खांब उभे आहेत, लोवामहापाय, सोळाशे खांब, ते बघून लोक पुढे जातात. दुटुगेमुनूने बांधलेला तो नऊ मजली प्रासाद, वर तांब्याच्या पत्र्याचं छप्पर. महासेनाच्या काळात महाविहाराच्या भिक्षूंचा आणि राजाचा असा वाद पेटला की विहार नऊ वर्षं ओस पडला आणि या प्रासादाचं सामान काढून अभयगिरी या दुसऱ्या विहाराला नेलं. पुढे पाचव्या शतकात बुद्धघोष हा विद्वान भिक्षू महाविहारात आला, सिंहली अट्ठकथा (धर्मग्रंथांवरच्या टीका) पालीत आणल्या आणि विसुद्धिमग्ग हा ग्रंथ इथेच लिहिला.

आमच्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली लंकेला पोचले, कोलंबोच्या विद्योदय परिवेणात (भिक्षूंच्या विद्यालयात) सुमंगल महास्थविरांकडे पाली शिकले, आणि त्याच विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी पुढे हार्वर्डपर्यंत जाऊन आले. घर सोडून, पैसे नसताना, बुद्ध समजून घ्यायचा म्हणून गोव्यातला एक तरुण काठमांडूपर्यंत आणि मग लंकेपर्यंत जातो. 'निवेदन' या त्यांच्या आत्मचरित्रात हे सगळं आहे, जायच्या आधी वाचा. मी त्या खांबांमध्ये उभा होतो तेव्हा मनात बुद्धघोषाइतकेच कोसंबी होते.

पाणवाटा
सांखवाळकर, किती छान जोडलंत! महाविहाराला प्रतिस्पर्धी असलेलं अभयगिरी मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं, जंगलात आहे, शांत आहे, झाडावर वानरं. कुट्टम पोकुण नावाचे दोन जुळे दगडी हौद आहेत, पाणी आधी छोट्या टाक्यांत गाळ सोडून मग मकरमुखातून हौदात पडायचं, म्हणजे इथेही पुन्हा पाणीच. समाधी मुद्रेतला बुद्ध तिथलाच. जवळच एका इमारतीच्या पायरीशी चंद्रशिला आहे, अर्धगोल दगडावर ज्वाळा, हत्ती-घोडा-सिंह-बैल, मग वेल, मग हंस, मध्ये कमळ. अशा खूप आहेत पण ही सगळ्यात रेखीव.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फाहियान हा भिक्षू चीनहून इथे आला, अभयगिरीत पाच हजार आणि महाविहारात तीन हजार भिक्षू असल्याचं लिहून ठेवलंय. त्याला घर सोडून कितीतरी वर्षं झाली होती, बरोबरचे कोणी मागे राहिले कोणी वारले. एका बुद्धमूर्तीसमोर एका व्यापाऱ्याने वाहिलेला पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा त्याला दिसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. अभयगिरीला गेलात की हे आठवा, मग ते नुसते चौथरे राहत नाहीत.

कोकणचा_वारा
बापरे, किती माहिती! आता दोन रात्रीच्या तीन कराव्या लागणार. म्हणजे पहिल्या संध्याकाळी तिस्स वेव आणि इसुरुमुनिय, दुसऱ्या दिवशी पहाटे बोधिवृक्ष, लोवामहापाय, रुवनवेली, दुपारी आराम, मग जेतवन आणि अभयगिरी. बरोबर ना? आणि मिहिंतले, महिंद पहिल्यांदा आले म्हणतात तो डोंगर, कधी? आईचे गुडघे दुखतात आणि तिथे १८४० पायऱ्या आहेत असं वाचलं.

पाटबंधारे_निवृत्त
कला वेवलाही जाच, जवळच अवुकणची उभी बुद्धमूर्ती आहे, एका खडकातून कोरलेली, बारा मीटरच्या आसपास उंच. सकाळी सूर्य समोरून येतो तेव्हा पोचा.

पाणवाटा
@कोकणचा_वारा, क्रम अगदी बरोबर. मिहिंतले तिसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, बारा-तेरा किलोमीटर आहे. सगळ्या पायऱ्या चढायची गरज नाही, जुन्या रस्त्याने टुकटुक भोजनशाळेच्या टप्प्यापर्यंत वर जाते, तिथून वरच्या आंबस्थल स्तूपापर्यंतच्या पायऱ्या आईंनी बसत बसत केल्या तर जमतील, त्यापुढचा महिंद जिथे उतरले म्हणतात तो कातळ मात्र उभा आहे, तो तुम्ही आणि मुलीने करा. भोजनशाळेत भिक्षूंच्या भाताची लांबलचक दगडी पात्रं आहेत आणि पायथ्याशी रुग्णालयाचे अवशेष, तिथे रोग्याला औषधी तेलात झोपवायची माणसाच्या आकाराची दगडी डोणी आहे, मुलीला दाखवा. पौर्णिमेच्या दिवशी जाणार असाल तर राहायचं आधीच पक्कं करा, जूनच्या पोसोनला (महिंद आले ती पौर्णिमा) तर गावात पाय ठेवायला जागा नसते. आणि पाण्याच्या बाटल्या भरपूर ठेवा, वरती चढल्यावर काही मिळेलच असं नाही.